भिंतीवरचा रस्ता

टक्. एवढाच आवाज झाला. खिडकीबाहेरच्या ओट्यावर कोणीतरी स्टीलची वाटी ठेवली, तिच्यावर झाकण सारलं आणि चपला फरफटत परत गेल्या. त्याआधी खोलीत इतकं निवांत होतं की शेजारी पडलेल्या लेकीच्या पापण्यांची उघडझापसुद्धा ऐकू येईल असं ज्योत्स्नाला वाटत होतं.

"मावशीनं दही ठेवलं," यशो कुजबुजली.

"झोपली नाहीस अजून?"

"रस्ता पाहून राहिली मी."

रस्ता समोरच्या भिंतीवर होता. मे महिन्यातल्या अमरावतीच्या दुपारी दारं-खिडक्या लावूनच बसावं लागतं, तशी ज्योत्स्नानं रस्त्याकडची लाकडी खिडकी घट्ट लावली होती. पण तिच्या एका फळीतली गाठ कधीतरी गळून पडली होती आणि तिथे हरभऱ्याएवढं भोक राहिलं होतं. त्या भोकातून बाहेरचा सगळा रस्ता आत यायचा आणि चुन्याच्या भिंतीवर उलटा पसरायचा. निंबाचं झाड छतापासून खाली लोंबायचं. सायकली वरून जायच्या, आभाळ फरशीजवळ असायचं. माणसं डोकं खाली, पाय वर करून आरामात चालत जायची, जणू जन्मापासून अशीच चालत आली आहेत.

पहिल्या दिवशी यशो घाबरली होती. आता तिचा तो खेळ झाला होता. पिवळी छत्री दिसली की घरमालकीण मावशी. सायकलच्या मागे गवताचा भारा असला की अन्सारचाचा, कूलरच्या ताट्यांना वाळा लावून देणारे. चेहरे कोणाचेच दिसत नसत. सगळे त्या धुरकट उजेडाच्या रंगाचे. ओळखायचं ते चालीवरून.

ज्योत्स्नाला ही दुपारची घटका फार जपून ठेवावीशी वाटे. अर्धवट झोपेत ती घर मांडत राही. इथे टेबल. तिथे यशोच्या शाळेचे बूट. ओट्याच्या कडेला मोगऱ्याची कुंडी. दोनच खोल्या, पण हवेशीर. शाळा पायी जाण्यासारखी, आणि गल्लीत पोरं खेळणारी. हे घर हातचं जाऊ नये, एवढंच ती झोपेतसुद्धा घोकत होती. कारण हे घर तिनं ज्या रीतीनं मिळवलं होतं, ती रीत आज उघडी पडणार होती. आज तिचा नवरा सुगत सामान घेऊन यायचा होता.

तिला अमरावतीच्या शाळेत नोकरीची ऑर्डर मिळाली तेव्हा नवरा-बायको जोडीनंच अकोल्याहून घरं पाहायला यायचे. दार उघडायचं, हसू यायचं, पाण्याचे पेले यायचे. मग घरमालक सुगतकडे नीट पाहून विचारायचा, "वानखडे का? कोणते वानखडे?"

वऱ्हाडात वानखडे गावोगाव आहेत. कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कोणाकोणात असतील. नुसत्या आडनावावरून अंदाज येत नाही, म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारतात. सुगत सरळ सांगायचा, "बौद्ध." मग घरमालकाला एकाएकी आठवायचं, की खोलीत पुतण्या राहायला यायचा आहे. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा. अमरावतीभर भाचे-पुतणे घरं शोधत फिरत होते म्हणायचे.

शेवटी बडनेऱ्याच्या स्टेशनबाहेर उसाचा रस पिता पिता सुगतच म्हणाला होता, "पुढचं घर तू एकटीच पाहून ये. तुले कोनी विचारत नाही कोनते म्हणून."

"काहीतरीच बोलून राहिले."

"पाह्य ना तू. आमच्या माती तपासायच्या लॅबमधी शेतकरी मातीचं पाकीट घेऊन येते. माती काळीभोर निघाली की कसा खूश होते तो. म्हनते, आमची जमीन काळी हाये साहेब. अन् त्याच मानसाले सून पाह्यजे गोरीपान."

तो हसला होता. तीही हसली. रस मात्र नंतर तिला पाणचट लागला.

आणि झालंही तसंच. तिचा गोरा रंग आणि घारे डोळे कुमुदमावशींनी दारातच पसंत करून टाकले, पाहुण्यांनी मुलगी पसंत करावी तसे. कपबशीत चहा आला. देवघर दाखवून झालं. आडनाव ऐकून मावशी म्हणाल्या, "वानखडे म्हंजे आपलेच की. माझ्या मामाकडचे सगळे वानखडे. अन् मानसाचं घरानं चेहऱ्यावर दिसते ना बाई, त्यात विचारायचं काय?"

तेव्हा ज्योत्स्नानं चहाचा घोट घेतला. घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ ती गप्प बसली. पण त्याला आता आठवडा होऊन गेला होता आणि तो घोट अजून घशाखाली उतरला नव्हता.

अर्धवट झोपेत तिला लहानपणची अकोल्याची शाळाही दिसायची. पाहुणे आले की गुच्छ द्यायला बाई तिलाच पुढे करायच्या. गुच्छ देण्यासाठी हुशारी लागते, असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. तिची धाकटी बहीण माया तिच्यापेक्षा वरचा नंबर काढायची, पण ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची. वाड्यातल्या बाया ज्योत्स्नाचा गाल ओढून म्हणायच्या, "ही पोरगी तुमची नाहीच, कोन्या बामनाच्या घरून उचलून आनली." सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची, आणि त्या हसण्यात थोडा अभिमान असायचा. त्या वेळी माया कुठे असायची, ते मात्र आठवणीत कितीही शोधलं तरी ज्योत्स्नाला सापडत नसे.

यशो बापावर गेली होती. तोच सावळा, तुकतुकीत रंग, तसंच खांदे पाडून चालणं. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मावशींनी दोनदा विचारलं होतं, "ही तुमची?" मग स्वतःच समजूत घातली, "बापावर गेली असंन. चालते. उन्हात नका खेळू देऊ. पोरी मोठ्या झाल्या की उजळतात." दुसऱ्या दिवशी दह्याच्या वाटीसोबत आणखी एक वाटी आली. बेसन, हळद, साय. मावशींनी मायेनंच पाठवलं होतं, त्यात खोट नव्हती. त्यामुळेच ज्योत्स्नाला रागावता येईना.

"लाव ना," यशो मागे लागली. "मावशी म्हने मी तुह्यासारखी दिसीन."

ज्योत्स्नानं तिच्या एका हाताला लावलं. मोरीत बसून दोघींनी तो धुतला. पिवळं पाणी वाहून गेलं आणि आतून जसाच्या तसा हात बाहेर आला. यशोनं तो उलटसुलट करून पाहिला. "हाये," ती म्हणाली. "अजून बाबासारखाच हाये." तिच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता. ज्योत्स्नानं त्या ओल्या हाताला गाल लावला.

"आई, बाबा."

ज्योत्स्नानं डोळे उघडले. भिंतीवर छताच्या बाजूनं एक आकृती येत होती. डोकं खाली, आणि त्या डोक्याखाली गुंडाळलेली मोठी गादी. इतका बोजा, की माणूस कुठला आणि गादी कुठली ते कळू नये.

"कशावरून बाबा?"

"चालून राहिला ना," यशो म्हणाली. एवढं साधं कळत नाही का, असा तिचा सूर होता.

खरंच सुगत होता. टेम्पो कोपऱ्यावर थांबवून गादी डोक्यावर घेऊन तो येत होता. भिंतीवर तो फाटकापाशी पोचला. पलीकडून पिवळी छत्रीही आली. दोन्ही आकृत्या समोरासमोर थांबल्या, आणि मग खिडकीतून मावशींचा आवाज ऐकू आला.

"ए भाऊ, इकडून नाही. बाईचं सामान हाये ना? मागच्या दारानं घे. फरशी पुसली आत्ताच."

सुगतनं काय केलं, ते ज्योत्स्ना भिंतीवर पाहत राहिली. तो उलट्या रस्त्यावरून गादीसकट वळला आणि मागच्या बोळाकडे निघाला. भिंतीवरच्या चित्राची कड आली आणि तो तिथून नाहीसा झाला.

यशो तोवर दार उघडून धावली होती. "बाबा, बाबा," करत ती फाटकातून बाहेर पडली. ज्योत्स्ना पदर सावरत मागोमाग गेली. बाहेरच्या पांढऱ्या उन्हानं तिचे डोळे दिपले. रस्ता पुन्हा सरळ झाला होता, आणि सरळ झाल्यावर तो तिला जास्त अनोळखी वाटला.

गादी बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकवून सुगतनं यशोला कडेवर घेतलं होतं. दोन सावळे चेहरे एकमेकांना चिकटलेले. मावशी छत्री धरून पाहत होत्या.

"हे यशोचे बाबा," ज्योत्स्ना म्हणाली.

"असं का," मावशी म्हणाल्या. त्यांनी पटकन पदर नीट केला. "मले वाटलं टेम्पोवाल्याचा मानूस. उन्हात रापले बिचारे. या ना, पुढून या. पानी देते."

"असू द्या मावशी," सुगत हसून म्हणाला. "गादी मागूनच सोपी जाते."

हसण्यावारी गेलं असतं. क्षणभर तसं वाटलंही. मावशी वळल्यासुद्धा होत्या. पण छत्री पुन्हा फिरली. मावशींनी सुगतकडे पाहिलं, यशोकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर काहीतरी हरवलेलं शोधावं तसं पाहिलं, आणि सुगतलाच विचारलं, "तुमी कोनते वानखडे म्हनाले?"

सुगतनं यशोला खाली उतरवलं. तो सांगणारच होता, ज्योत्स्नाला ठाऊक होतं. त्यानं आजवर दर वेळी सांगितलं होतं आणि दर वेळी ती त्याच्या शेजारी रिकामा पेला धरून उभी राहिली होती. कुंडी, टेबल, यशोचे बूट, सगळं त्या उन्हात तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आम्ही बौद्ध आहोत, मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी चहा पिताना सांगायला पाहिजे होतं मी."

अन्सारचाचांची सायकल रिकामी परत गेली. निंबाखाली कोणाचं तरी कुत्रं धापा टाकत होतं.

"असं," मावशी म्हणाल्या. मग ज्योत्स्नाला खालवर न्याहाळत, "तुमी तं तशा वाटल्या नाही, बाई."

सुगत गादी उचलायला वाकला.

"माझं काही नाही हो," मावशी छत्रीच्या मुठीशी चाळा करत म्हणाल्या. "मी नाही मानत हे. पन घर आमच्या पोराच्या, स्वप्निलच्या नावानं हाये. पुन्याले विचारा लागन त्याले. तो काय म्हनते पाहू."

जाताना त्या ओट्यापाशी थांबल्या. दह्याची वाटी तिथेच होती. त्यांचा हात वाटीकडे गेला, झाकणावर टेकला, आणि तसाच मागे आला. वाटी तिथेच ठेवून त्या आपल्या दारातून आत गेल्या.

टेम्पोवाल्याला थांबायला वेळ नव्हता, म्हणून सामान उतरवून घेतलं. खोलीच्या मधोमध खोकी रचून ठेवली, पण दोरी कशाचीच सोडली नाही. गादी तशीच गुंडाळलेली. सुगत तिच्यावर बसला आणि त्यानं डोळ्यांवरचा घाम पुसला.

"मी सांगनारच होतो," तो म्हणाला.

"ठाऊक हाये मले. म्हणूनच."

"घर चांगलं हाये हे."

"हो."

"मोगरा तिकडं ओट्यावर लावतेस?"

"मनात होतं," ती म्हणाली. हात पुढे करून त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिला वाटलं, तो आता काही विनोद करील, काळ्या जमिनीचा नाहीतर पुतण्याचा. पण त्यानं केला नाही, आणि तिलाही तो नकोच होता.

ऊन उतरायला लागलं होतं. भिंतीवरचा रस्ता तांबूस झाला आणि त्याच्यावरच्या सावल्या सावकाश लांबल्या. यशोनं दही आत आणलं. ती बापाच्या मांडीला टेकून वाटीतलं दही चाटून खात होती. सगळ्यांत आधी तिलाच भिंतीवर पिवळी छत्री दिसली. ऊन फारसं नव्हतं तरी छत्री उघडी होती. तिच्या आडोशाला एक उलटी आकृती कानाला फोन लावून इकडून तिकडे फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती.

"मावशी," यशो म्हणाली.

ज्योत्स्ना आणि सुगत दोघंही त्या आकृतीकडे पाहत राहिले. मावशी हो म्हणताहेत की नाही, ते भिंतीवर कळत नव्हतं. मान हलताना दिसे, पण उलट्या माणसाची मान कशी वाचायची?

यशोनं चमचा चाटून स्वच्छ केला. ती जराशी विचारात पडली. मग उठून आईच्या कुशीत शिरली, आपला सावळा हात आईच्या गोऱ्या हातावर ठेवला, आणि दोन्ही हातांकडे पाहत म्हणाली, "आई, मावशीनं बाबाले पाहिल्या पाहिल्या विचारलं, कोनते वानखडे म्हणून. तू तं इतके दिवस हायेस इथं. तुले काऊन नाही विचारलं?"