गाळलेला शब्द

नर्सनं धर्मराजांच्या दंडावरचा पट्टा सोडला, रक्तदाबाचे आकडे टाइप केले आणि स्क्रीनवरची नजर न काढताच पुढचा प्रश्न विचारला. घरात कोणी सिगरेट ओढतं का, किंवा व्हेप करतं का?

प्रणिता खुर्चीच्या कडेवर बसली होती. मघापासून ती इंग्रजी प्रश्न मराठीत तिकडे आणि बाबांची उत्तरं इंग्रजीत इकडे पोचवत होती. खोकला कधीपासून, वजन उतरलंय का, झोपेत घाम येतो का. हाही प्रश्न तिनं तितक्याच सहज उचलला.

"बाबा, ही विचारतेय, घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

"आपल्या घरात कोण ओढणार?" धर्मराज म्हणाले. "सांगून दे, कोणी नाही."

"नो," प्रणिता म्हणाली. "नोबडी."

नर्सनं एक कळ दाबली आणि प्रश्न पुढे सरकला. प्रणिताचा हात कोटाच्या खिशात गेला. आत तिचं व्हेप होतं, लिपस्टिकएवढं, गुळगुळीत. तिनं ते मुठीत घट्ट धरलं, जणू आपोआप बाहेर येईल.

धर्मराजांना स्कॅनसाठी आत नेलं तेव्हा त्यांनी चष्मा आणि घड्याळ तिच्या हाती दिलं. दारातून वळून म्हणाले, "घाबरू नको बेटा. खोकलाच आहे." मग पाठमोरे झाले आणि मागे नाड्या बांधलेल्या त्या निळ्या गाउनमधून त्यांची पाठ दिसली. एवढी बारीक पाठ तिनं याआधी कधी पाहिली नव्हती.

ते नागपूरहून आले ऑक्टोबरात. खोकला सुरू झाला थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, नोव्हेंबर संपताना. हा हिशेब प्रणितानं कोणाला बोलून दाखवला नव्हता, पण गेले कित्येक दिवस तो तिच्या डोक्यात सुरू होता. गुडघ्यांमुळे त्यांना जिना नको म्हणून खालची खोली दिली होती. त्या खोलीची एक भिंत गॅरेजची भिंत होती. आणि गॅरेजमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, दार लावून, ती उभी राहायची. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या या घराचं गॅरेज तिला आवडायचं ते एवढ्याचसाठी, की तिथं कोणी तिच्याकडे बघत नसे. आता तिला वाटत होतं, व्हेपची ती वाफ कुठे जात होती? भिंतीत फटी असतात. हीटरच्या नळ्या सगळ्या घरभर फिरतात.

सिगरेट लागली ती पुण्यात, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. ती मिशिगनपर्यंत बरोबर आली. ती नोकरी करायची त्या प्लँटच्या पार्किंगमध्ये, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, अमेरिकन मेकॅनिकांच्या घोळक्यात ती एकटी भारतीय बाई उभी असायची. निकोटिनच्या पट्ट्या लावून झाल्या, निकोटिनचे च्युइंगम चघळून झाले. मग एका मेकॅनिकनं स्वतःच्या खिशातलं व्हेपचं यंत्र दाखवलं. म्हणाला, कशानंही सुटू दे, सुटल्याशी मतलब. आणि खरंच सुटली. जिना चढताना धाप लागेना, कढीपत्त्याचा वास पुन्हा यायला लागला. बढती मिळाल्यावर सांगावं तसं हे कोणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं.

तिनं रेणूला सांगितलं. रेणू जवळच्याच ट्रॉयला राहायची, जुनी मैत्रीण.

"वा! कॉन्ग्रॅट्स यार! कशानं सुटली?"

प्रणितानं यंत्र दाखवलं. रेणूनं हात मागे घेतला.

"शी, हे? अगं, हे तर हायस्कूलची पोरं टॉयलेटमध्ये लपून ओढतात. सिगरेट निदान काय आहे ते माहीत तरी असतं. यात काय भरलंय कोणाला ठाऊक?"

नवऱ्याचं, प्रितमचं, म्हणणं थोडक्यात असायचं. "ते सोडलंस, छान. आता हे कधी?" आणि लेक आन्या, जिला काहीच माहीत नव्हतं, तिला शाळेत एक व्हिडिओ दाखवला होता. जेवताना ती म्हणाली होती, "इट्स सो ग्रोस, मॉम. आपल्याकडे कोणी केलं असतं तर आय वुड मूव्ह आउट." प्रणितानं तिच्या ताटात आणखी भात वाढला होता.

पण बाबांचं प्रकरण वेगळं होतं. नागपुरात दर रविवारी विहाराच्या अंगणात ते पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उभे राहायचे. वस्तीतली माणसं खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या त्यात टाकायची आणि मग बाबा एकेकाला पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं, शील पुन्हा म्हणायला लावायचे. कोणी अडखळलं तर हसायचे नाहीत, थांबायचे. ते खोकं धरायला सोबत प्रणिता असायची. फ्रॉकमधली, दोन वेण्यांची. पुडी टाकणाऱ्या काकांकडे ती इतक्या कडक नजरेनं बघायची की ते म्हणायचे, "धर्मराजभाऊ, तुमच्यापरीस तुमच्या पोरीचंच भ्या वाटते."

हॉस्पिटलातल्या बाथरूमच्या दारावर पाटी होती. धूम्रपान नाही, व्हेपिंग नाही, आत सेन्सर आहे. प्रणिता पाटीसमोर जरा वेळ उभी राहिली. आत बाबांच्या छातीचे फोटो काढले जात होते आणि या क्षणीही तिला दोन झुरके हवे होते. या गोष्टीची तिला जेवढी भीती वाटली तेवढी त्या यंत्राची कधी वाटली नव्हती. ती परत येऊन बसली आणि बाबांचं घड्याळ हातात फिरवत राहिली.

धर्मराज सदऱ्यात परत आले ते मजेत होते.

"एवढी मोठी कढई आहे. आपल्याला सांडग्यासारखं आत सरकवतात. ब्रीद इन, होल्ड, ब्रीद आउट. तेवढं इंग्रजी येतं म्हटलं मला."

"दुखलं नाही ना?"

"फोटो काढल्यानं काय दुखते?"

डॉक्टर मिलर आल्या. पन्नाशीच्या, पांढरे केस मागे बांधलेल्या, हळू बोलणाऱ्या. हळू बोलणारी डॉक्टर म्हणजे वाईट, असं प्रणिताच्या मनात आलं. डॉक्टरांनी स्क्रीन दोघांकडे वळवला. काळ्या फुप्फुसात, उजवीकडे वर, एक पांढुरका ठिपका होता. डॉक्टर म्हणाल्या, हा जुना व्रण असू शकतो. भारतातून येणाऱ्या वयस्क लोकांत असे व्रण दिसतात, कधीकाळी होऊन गेलेल्या क्षयाचे, ज्याचा त्यांना पत्ताही नसतो. किंवा दुसरं काही असू शकतं. ते दुसरं काय, ते त्या बोलल्या नाहीत. पुढच्या तपासणीआधी छातीत काय काय गेलंय ते नीट कळायला हवं, एवढं म्हणाल्या. कारखान्यातली धूळ, चुलीचा धूर. मग त्यांनी नर्सची नोंद वाचली. घरात सिगरेट नाही, व्हेपही नाही. बरोबर?

प्रणिता वडिलांकडे वळली.

"बाबा, एक छोटा डाग आहे. जुना असू शकतो म्हणाल्या."

"असू शकतो. म्हणजे नसूही शकतो."

"...हो."

"मग दोन्ही सांगत जा. आणि शेवटी काय विचारलं?"

"तेच, मघाचं. घरात कोणी सिगरेट ओढतं का."

धर्मराजांनी एक बोट वर केलं. विहारात कोणी अडखळलं की करायचे तसंच.

"अजून एक शब्द होता. नर्सही बोलली तो. तू दोन्ही वेळा गाळला. काहून?"

डॉक्टर एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत होत्या. भिंतीवरच्या यंत्रातून हवा सुटल्याचा आवाज येत होता.

"व्हेप," प्रणिता म्हणाली. "सिगरेट नसते ती, बाबा. बॅटरीवर चालतं. धूर नाही, वाफ असते. सिगरेट सोडायला वापरतात लोक. काही लोक."

"बरं." धर्मराजांनी मान हलवली. ते लेकीकडे न बघता डॉक्टरांकडे बघून बोलू लागले, मराठीतच, शांतपणे, सभेत ठराव मांडावा तसं. "मग यांना सांग की घरातलं एक जण गॅरेजमध्ये जाते. दिवसातून पाच-सात वेळा. दार लावल्याचा आवाज येते, पण गाडी काही सुरू होत नाही. माझी खोली लागूनच आहे. आपण पहिले म्हणालो कोणी ओढत नाही. ते सिगरेटीचं होतं. ते दुरुस्त करायला सांग."

प्रणिताला वाटलं, उठून बाहेर जावं. पण दोघंही तिच्याच बोलण्याची वाट बघत होते आणि तिच्याशिवाय दोघांना जोडणारं त्या खोलीत कोणी नव्हतं.

"माय फादर सेज," तिनं सुरुवात केली, आणि मग बाबांचं वाक्य सुटूनच गेलं. ती मीच आहे, ती इंग्रजीत भराभर म्हणाली. मी ओढते. यानंच माझी सिगरेट सुटली. त्यांच्या खोलीला लागून गॅरेज आहे, मी तिथं उभी राहते, ते आल्यावरच खोकला सुरू झाला. हे माझ्यामुळे झालंय का? तेवढं खरं सांगा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाल्या, भिंतीपलीकडच्या वाफेनं असा डाग उमटेल असं मला वाटत नाही. बहुतेक हा त्यांच्याबरोबर नागपूरहूनच आलाय. खोकल्याचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही, तेव्हा वडील आहेत तोवर व्हेप घरात नकोच. सिगरेट सोडलीत ते चांगलं केलंत. पण हे निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. हेही एक दिवस सुटायला हवं.

"काय म्हणतात?" धर्मराजांनी विचारलं.

"म्हणतात, बहुतेक तो डाग माझ्यामुळे नाही." ती म्हणाली. "खोकल्याचं सांगता येत नाही म्हणतात. बाबा, मी तुम्हाला..."

त्यांनी हवेत हात हलवला.

"ते कुठं विचारलं मी? माझा फोटो तर झाला. यांना विचार, तिचा कधी काढायचा."

"कोणाचा?"

"गॅरेजमध्ये जाते तिचा."

ते सदऱ्याच्या वरच्या बटणाशी खटपट करत होते. स्कॅनला जाताना, डाग बघताना ते हात स्थिर होते. आता बटण काजात जाईना. प्रणितानं हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला आणि म्हणाले, "आधी विचार."

तिनं विचारलं. शब्द न गाळता, जसाच्या तसा. माझे वडील विचारतायत, माझ्या छातीचा फोटो कधी काढायचा.

डॉक्टर मिलर या वेळी खुर्ची वळवून तिच्यासमोर बसल्या. मी तुमची डॉक्टर नाही, म्हणाल्या, तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडे जावं लागेल. वयावर असतं, किती वर्षं ओढलीत त्यावर असतं. मग थोडं थांबून त्यांनी एक प्रश्न विचारला.

"काय विचारलं?" धर्मराज म्हणाले. ते पुढे वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"विचारतात, शेवटची सिगरेट कधी ओढली."

"मग सांग ना."

"चौदा एप्रिलला," प्रणिता म्हणाली. "मागच्या. सकाळी, तुमचा फोन यायच्या आधी. तुम्ही जयंतीच्या मिरवणुकीला निघाला होतात. पाकीट अर्धं भरलेलं होतं, तसंच टाकून दिलं. त्यानंतर एकही नाही, बाबा. एकही नाही."

धर्मराजांची नजर तिच्यावरून हलली नाही.

डॉक्टर मान किंचित तिरकी करून अजून उत्तराची वाट बघत होत्या. तेव्हा कुठे प्रणिताच्या लक्षात आलं, की ती मराठीतच बोलली होती.