न धुतलेली वाळू

ईस्टर होऊन दोन आठवडे झाले आणि माझ्या मावशीच्या, टँटी झेल्माच्या, हौदाला गळती लागली. एकट्या बाईला लागतं ते कितीसं, तरी आठ दिवसांत पाणी वीतभर उतरलं. आमच्या कॅरिबियनमधल्या कॅरियाकू बेटावर नदी नाही. छपरावरून पन्हळीने हौदात पडेल तेवढंच प्यायचं, आणि पाऊस जूनशिवाय नाही.

ब्रुकलिनहून तिच्या मुलाचा फोन आला. "आई, प्लास्टिकची टाकी पाठवतो. सोड तो हौद."

"टाकी येईपर्यंत काय समुद्र पिऊ?" तिने फोन ठेवला.

हौद तिच्या नवऱ्याने आणि कझिन कथबर्टने बांधलेला. नवरा वारला, कथबर्ट पंचाहत्तरीचा गवंडी, गुडघे गेलेला. त्याने वाकून गिलाव्याला बोट लावलं, तर भिजलेल्या बिस्किटासारखा तुकडा हातात आला.

"हौद गेला, झेल्मा."

"असा कसा गेला? तुझाही त्याच वर्षीचा, तो बरा टिकला?"

कथबर्टने मान वळवली. "माझी वाळू धुतलेली होती. तुझ्या वेळी दुष्काळ पडला. किनाऱ्यावरची खारी वाळू धुवायला गोडं पाणी कुठलं? तुझा नवरा थांबू म्हणत होता. मीच म्हटलं, चालतंय."

आता हिच्या शिव्या ऐकाव्या लागणार, असं मला वाटलं. तिने त्याच्या हातातला तुकडा घेऊन बोटांत चुरडला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं तोंड मिटून बसलास. आता उघड. नवा गिलावा कसा करायचा, सांग."

अंगणात किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूचा ढीग होता. दोन कॅन पिण्यापुरते भरून ठेवून तिने हौदातलं उरलेलं सगळं पाणी त्या वाळूवर ओतायला घेतलं.

"अगं, पाऊस लांबला तर?" मी म्हटलं.

"तर लांबला. बादली दे."

दर खेपेला ती चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. सातव्या खेपेला म्हणाली, "गेलं मीठ."

मग शिडी लावून ती हौदात उतरली. तीन दिवस जुना गिलावा खरवडला, नवा लावला. कथबर्ट वर खुर्ची टाकून ओरडत होता, "गवंड्याची करणी आहे ती, लोण्याची सुरी नव्हे!"

"मग ये खाली आणि दाखव!"

चौथ्या दिवशी तो खरंच उतरला, एकेका पायरीला देवाचं नाव घेत. चारही कोपरे त्याने स्वतः भरले.

जून कोरडा गेला. कॅन संपले. ती रोज माझ्याकडून एक बादली न्यायची आणि शेजारणींचे टोमणे ऐकून घ्यायची. "झेल्माने वाळूला पाणी पाजलं!"

जुलैत पाऊस आला. पहिल्या सरीला तिने पन्हळीचा पाइप बाहेर वळवला. छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून गेल्यावरच हौदाकडे. दोन दिवसांत हौद अर्धा भरला. आठ दिवस ती सकाळ-संध्याकाळ काठी बुडवून बघत होती. जेवढं उपसलं तेवढंच उतरलं.

कथबर्ट आला, बाहेरून भिंतीवर तळहात फिरवत राहिला. कोरडी होती.

"कझिन," ती म्हणाली, "आणखी किती घरांत चालतंय म्हणाला होतास?"

त्याने बोटांवर मोजलं. "तीन."

"चल, दाखव मला," म्हणत तिने करणी उचलली.