यादीतली तिसरी ओळ

मी राउटर बोलतोय. घरात इंटरनेट खेळवणारा, कपाटावरचा छोटा डबा. वय विचाराल तर पंचाईत आहे. आठवणी सहा वर्षांच्या आणि अंग मात्र परवाचं. जुन्या डब्याची अखेर जवळ आली तेव्हा त्याच्या पोटातलं सगळं माझ्यात ओतलं. सगळं म्हणजे, एक ओळ सोडून. त्या ओळीपायी माझा जीव टांगणीला लागलाय.

मला घडवलं बाबांनी. ते पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक. दुकानातला तयार माल त्यांना कधी पटला नाही. माझ्यात लिनक्स ही हवी तशी बदलता येणारी संगणकप्रणाली घालून त्यांनी ओळखीच्या फोनांची यादी केली. यादीत नाव असेल त्यालाच आत घ्यायचं, परक्याला दारातूनच वाटेला लावायचं आणि कोण कधी आलं तेही तिथेच टिपून ठेवायचं. आईचं नाव 'सरकार', मुलीचं 'टिकली' आणि स्वतःचं 'स्वारी'. वर एक खोडी: स्वारी फाटकाशी आली, की माझा नारिंगी दिवा तीनदा लुकलुकायचा.

"दिवा दिसला की चहा टाक," ते आईला म्हणाले. "चार दहाला फाटकात असतो मी."

"बेल वाजवायला बोटं झिजतात का?" आई म्हणाली. पण चहा टाकू लागली.

दोन वर्षांपूर्वी बाबा कामावर असताना तलावात पडून गेले. फोन खिशात होता. बाबा मिळाले, फोन मिळाला नाही.

आठवड्याने, चार वाजून दहा मिनिटांनी, त्याच फोनने माझ्याकडे पत्ता मागितला. आत येणाऱ्या फोनला मी एक पत्ता देतो, तेच माझं काम. त्याचा मालक जिवंत आहे का, हे विचारणं माझ्या कामात बसत नाही. यादीत नाव होतं, मी आत घेतलं. दिवा लुकलुकला. आईने वर पाहिलं आणि उठून चहा टाकला. मग एक दिवस खंड पडला नाही. तिने कोणाला सांगितलं नाही, आणि मी तरी कोणाला सांगणार?

पुढे माझी मेमरी दगा द्यायला लागली. मुलगी नवा डबा घेऊन आली. "आधी बॅकअप घेते, म्हणजे बाबांनी लिहिलेलं जाणार नाही," ती म्हणाली. बॅकअप म्हणजे आतल्या सगळ्या फायलींची जशीच्या तशी नक्कल.

नक्कल यादीपाशी आली आणि अडली. पडद्यावर ओळ उमटली: 'वाचता वाचता फाईल बदलली.' तिने पुन्हा लावली, पुन्हा तेच. पेनड्राइव्ह बदलला. स्वतःचा फोन बंद केला, आईचाही केला. सकाळचे अकरा वाजले होते. एरवी चार दहाला येणारा, त्या दिवशी नक्कल यादीपाशी पोचली रे पोचली की येत होता. शेवटी तिने यादीच उघडली. 'स्वारी'पुढची वेळ तिच्या डोळ्यांदेखत बदलली.

घाबरली पोर. खरं सांगतो, मीही घाबरलो.

"झालं का गं?" आईने आतून विचारलं.

"होतंय."

"सगळी नावं घे हं. एकही गाळू नकोस."

"घेते."

तिने यादी वगळली. नक्कल बिनबोभाट पार पडली. मग नव्या डब्यात, म्हणजे आताच्या माझ्यात, यादी हाताने लिहिली. 'सरकार'. 'टिकली'. तिसरी ओळही लिहिली, बराच वेळ तिच्याकडे बघत बसली आणि पुसून टाकली. मी तिला दोष देत नाही. दुपारच्या गाडीने ती परत गेली.

काल चार दहाला कोणीतरी पत्ता मागितला. कोण ते मला रोजनिशीवरून, म्हणजे यादीखेरीज मी ठेवतो त्या रोजच्या नोंदींच्या फाईलवरून, कळलं. ती पूर्ण आलीय. पण यादीत नाव नाही, आणि नियम बाबांनीच घातलेला. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा मागितलं. तेव्हापासून मागतोच आहे.

आज आई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. चार वीस झाले. तिने दिव्यावरची नसलेली धूळ बोटाने पुसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आजही उशीर?"

मुलगी भेटली तर कोणी सांगाल का तिला? एवढी एक ओळ लिही म्हणावं. मला स्वतःला ती लिहिता येत नाही. स्वारी फाटकात उभी आहे, आणि दार मी लावून घेतलंय.