शेटजींचं निळं औषध

सूनबाई कामावरून लवकर सुटून आली, चपला दारातच भिरकावल्या आणि थेट काचपेटीपाशी गेली. बघते तर पाणी लख्ख! सकाळी निळंशार होतं, ते आता प्यायच्या पाण्यासारखं नितळ. तळाशी मात्र शेटजी नुसते कल्ले हलवत पडून होते.

शेटजी म्हणजे सासऱ्यांचा सोनेरी मासा. पोट सुटलेलं, चाल सावकाश, म्हणून ते नाव. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना सासरे म्हणाले होते, "पोरी, ह्याला तुझ्या भरवशावर सोडतोय हो." त्यांची पाठ वळते न वळते तोच शेटजींच्या परांवर पांढरे ठिपके उठले. आणि सासरे आज संध्याकाळी घरी यायचे होते.

माशांच्या दुकानदारानं निळं औषध दिलं होतं. सूनबाईनं ते काल पाण्यात घातलं, त्याच्याच सांगण्यावरून फिल्टरमधली कोळशाची काळी पिशवी काढून गॅलरीत वाळत टाकली. घरात मात्र अवाक्षर काढलं नाही. सासूबाई आधीच ऑपरेशनच्या धास्तीनं अर्ध्या झालेल्या; त्यात आणखी हे कशाला?

तिनं दुकानदाराला फोन लावला. "दादा, औषध नाहीसं झालंय!"

"औषधाला पाय फुटले का, ताई? काळी पिशवी कुठंय?"

तिनं फिल्टरचं झाकण उचललं. पिशवी आत. स्वच्छ धुऊन, नीट बसवलेली.

"मीच ठेवली," मागून सासूबाई म्हणाल्या. "तारेवर दिसली, म्हटलं पोर गडबडीत विसरली. आणि पाणी कसं, शाई सांडल्यासारखं! ह्यांनी बघितलं असतं तर? ... माझं काही चुकलं का गं?"

स्पीकरवर लावलेल्या फोनमधून दुकानदार सांगत होता, "तो साधा कोळसा नाही, ताई. ॲक्टिव्हेटेड कार्बन. पाण्यातला रंग, वास ओढून घेतो तसं औषधही ओढतो. घाण कुठली आणि औषध कुठलं, त्याला काय कळतंय?"

सासूबाई फोनकडे वाकल्या. "म्हणजे मीच त्याच्या जिवावर..."

"नाही हो, आई. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"रडारड मागाहून करा," दुकानदार म्हणाला. "पिशवी काढा, थोडं पाणी बदला, मापानं पुन्हा औषध घाला. वाचेल का, ते मला विचारू नका."

सासूबाईंनी पाणी उपसलं. सूनबाईनं पिशवी काढली. मग थेंब मोजून औषध घातलं. पाणी निळं होत गेलं. शेटजी हलले नाहीत. सासूबाईंचे ओठ आवाज न करता पुटपुटत राहिले.

तेवढ्यात बेल वाजली.

एका डोळ्यावर पट्टी बांधलेले सासरे सरळ काचेपाशी आले. "पाणी निळं आहे, की माझ्याच डोळ्यात घोटाळा?"

"आजारी आहे तो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आणि मी औषध घालवलं."

"मी लपवलं, बाबा," सूनबाई म्हणाली.

सासऱ्यांनी खाद्याचा एकच दाणा टाकला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग शेटजी तिरके तिरके वर आले, दाणा तोंडात घेतला आणि थुंकला.

"खात नाही हो!" सासूबाई कळवळल्या.

"अगं, थुंकला म्हणजे नखरे शिल्लक आहेत." सासरे हसले, पण काचेवरचा हात काही काढेनात.

सासूबाईंनी ओली पिशवी डब्यात घातली, डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तू सांगेपर्यंत बाहेर काढत नाही." मग येऊन काचेला नाक लावून बसल्या.

"ठिपके कमी झाले का गं?"

"आत्ताच तर औषध घातलंय, आई."

"हो, हो." थोडा वेळ गेला. "आता?"