आक्काताईच्या कमरेची सुरी

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, ओळख मागाहून. नाथाजी नावाच्या एका शिपाईगड्याने माझ्या टोकाने डालड्याचा डबा उघडला. त्याच्या खिशात त्यानेच आणलेली नवी कोरी सुरी होती. त्या सुरीला डबे उघडायचा वेगळा दात होता. तरी या शहाण्याने मला उचललं, झाकणाच्या कडेखाली खुपसलं आणि वर बसल्यासारखा जोर दिला. कट्! माझ्या टोकाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला तो थेट चुलीच्या राखेत. वर म्हणतो काय, "नव्या सुरीला वरखडा पडला असता." म्हणजे नवीला जपायचं आणि जुनीला राबवायचं. असलं शहाणपण पलटणीत शिकवतात की काय, देव जाणे.

आता ओळख. मी एक जुनी, मोठी, मिटायची सुरी आहे. मिटले की माझी मालकीण आक्काताई, तिच्या मुठीत मावते, उघडले की चांगली वीतभर पातं बाहेर येतं. लोक मला चाकू म्हणतात. म्हणू देत. आक्काताई सुरी म्हणते, आणि आमच्या घरात आक्काताईचाच शब्द चालतो.

माझं माहेर पलूसला. कऱ्हाडच्या रस्त्यावर एक मालमोटार मोडून पडली होती. तिच्या चाकावरच्या कमानीचा एक पोलादी पाटा पीरमहंमद शिकलगाराच्या हाती लागला. त्याने तो भट्टीत लाल केला, ठोकला, पाण्यात बुडवला, दगडावर घासला आणि त्यातून आम्ही दोघी बहिणी झालो. थोरलीला त्याने पितळी मूठ बसवली, तिच्यावर मोर कोरला. मला म्हशीच्या शिंगाची काळी मूठ मिळाली. मोर नाही, वेल नाही, काही नाही. बाजारात आम्हाला शेजारी मांडलं की येणारा-जाणारा मोराकडेच बघायचा. मी आपली काळं तोंड करून बसलेली.

एका बाजारी आक्काताई आली. तेव्हा ती नवी नवरी होती, पण आवाज तेव्हाही असा होता की पलीकडच्या मिरचीवाल्याने तिला बघून माप सरळ धरलं. तिने आम्हा दोघींना उचललं. लोक सुरी उघडतात, अंगठ्याने धार बघतात, केस कापून बघतात. हिने मात्र मोराच्या सुरीला उघडलं आणि मिटलं. पुन्हा मिटलं. मग मला मिटलं. मी खटकन् मिटले. मोर जरा कुरकुरला होता.

पीरमहंमद हसून म्हणाला, "आक्काताई, समदी लोकं उघडून बघत्यात. तुमी मिटून बघताय."

"उघडाया कुणालाबी येतंय, भाई. मला ही कमरेला बाळगायची हाय. मोर काय करायचाय? मोर लागला तर रानात चिक्कार नाचत्यात."

त्या दिवसापासून मी तिच्या कनवटीला. मला तेव्हा जे वाटलं ते सांगत नाही. पोलादाला लाजता येत नाही, म्हणून बरं.

आमचं गाव कृष्णाकाठी. पाणी ओसरलं की पात्रात वाळू उघडी पडते. त्या वाळूत आक्काताई कलिंगडाचे वेल लावायची. उन्हाळ्यात गाडीभर कलिंगडं घेऊन पलूसच्या बाजाराला जायची. माझं खरं काम तिथे. गिऱ्हाइकाने कलिंगडावर बोट ठेवलं की आक्काताई त्याला टिचकी मारून ऐकायची. मग मला उघडायची आणि तीन टोच्यांत त्रिकोणी फोड काढून वर धरायची. लालभडक! फोड पांढुरकी निघाली तर ती ते कलिंगड विकत नसे, बाजूला टाकायची. आणि काम झालं की लगेच मला मिटायची. फोड कापली, मिटली. गिऱ्हाइकाशी बोलायला तोंड उघडलं, तरी आधी मला मिटली. तिचं तोंड मात्र मिटल्याचं मला फारसं आठवत नाही.

आणखी खूप कामं केली मी. बैलाच्या मानेला दोर आवळला तेव्हा तो मीच कापला. आंबे, ऊस, सुतळी, गोणपाट, सगळं केलं. पण मला ज्याचा अभिमान आहे ते काम काही न कापण्याचं होतं. हाच नाथाजी आक्काताईच्या पोटी जन्मला तेव्हा बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तिने मला त्याच्या उशाखाली ठेवलं. मी मिटून पडून राहिले. बाळ रडलं, हसलं, माझ्या मुठीवर दुधाची गुळणी टाकली. मी हू की चू केलं नाही. आणि मोठा होऊन त्याने काय केलं? डालड्याचा डबा.

चीनची लढाई होऊन गेली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाथाजी सुट्टीवर आला. हिरवी ट्रंक, चमकणारे बूट आणि बोलण्यात एकाआड एक हिंदी शब्द. ट्रंक उघडून त्याने पठाणकोटच्या बाजारातून आणलेली ती सुरी आईपुढे धरली. लाल मूठ, आरशासारखं पातं, माझ्याएवढीच लांब. शिवाय तो डब्याचा दात. खोटं कशाला बोलू, देखणी होती.

"आई, ही तुझ्यासाठी. त्या काळीला आता पेन्शन दे."

आक्काताईने दोन्हींकडे बघितलं. "एका कमरेला दोन सुऱ्या म्हंजी एका चुलीपुढं दोन सासवा. रविवारी बाजारात दोघींनाबी चालवून बघते. चालंल ती कमरेला. दुसरी पीरमहंमदच्या भट्टीत."

भट्टीत! मित्रांनो, तुम्हाला कुणी सांगितलं की आता तुझे खिळे करणार, तर कसं वाटेल? शनिवारी रात्रभर मी आपली धार आठवत राहिले. टोक तर त्याने आधीच मोडून ठेवलं होतं.

रविवारी बाजार भरला. नाथाजी इस्त्रीचा शर्ट घालून आईशेजारी बसला. पहिलं कलिंगड नवीने कापलं. फोड अशी सुबक निघाली की गिऱ्हाईक म्हणालं, "वा!" दुसरं मी कापलं. टोक मोडल्यामुळे पहिला टोचा घसरला. माझा जीव मुठीत आला. पण आख्खं कलिंगड उभं चिरायची वेळ आली तेव्हा मी एका दमात आरपार गेले आणि नवी अर्ध्यावर अडकली. म्हणजे फिट्टंफाट.

तेवढ्यात नाथाजीने आपली सुरी आईच्या हातात द्यायला पुढे केली. "धर. आता हे मोठं काप."

आक्काताईने हात मागे घेतला. "खाली ठेव."

तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडे सुरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. दिली की दोघांत भांडण होतं म्हणतात. देणाऱ्याने खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची.

"आई, पलटणीत असलं काय न्हाई. तिथं बंदूकसुदिक हातात देत्यात."

"म्हनूनच लढाया हुत्यात. खाली ठेव."

"धर की. लोकं बघत्यात."

"बघू देत. तुझी पलटण तिकडं पंजाबात. ह्यो पलूसचा बाजार हाय."

नाथाजीचा हात पुढे तो पुढेच. आक्काताईचा पाठीमागे तो मागेच. भोवती माणसं जमली. शेजारच्या कांदेवाल्या केरबाने ओरडून विचारलं, "आक्काताई, कलिंगड इकतीयास का तमाशा लावलाईस?" आक्काताईला बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात. तिने मला मिटलं, कलिंगडाच्या सालींच्या ढिगावर ठेवलं आणि केरबाकडे वळली. केरबाच्या सात पिढ्यांचा उद्धार होईपर्यंत नाथाजीचा हात दुखायला लागला. त्याने मुकाट्याने आपली सुरी गोणपाटावर ठेवली, उघडीच. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आता तुझी तू उचल."

"तूच उचल. तुझ्यापायी ठेवली."

"मी न्हाई."

"मग मीबी न्हाई."

आणि दोघांनी माना फिरवल्या. आईवर गेलाय तो, दुसरं काय!

भांडण होऊ नये म्हणून सुरी खाली ठेवायची, आणि ती कोण उचलणार यावरून भांडायचं. अशी अक्कल आमच्याच माणसांकडे मिळेल.

दुपारी गर्दी वाढली. धोंडुबाई म्हणून आमची शेजारीण होती. ती दर बाजारी आक्काताईच्या सालींची पाटी भरून आपल्या चंद्री म्हशीला न्यायची. त्या म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. तिने ढीग पाटीत लोटला. ढिगाबरोबर मीही गेले. मी काळी, मिटलेली, वर सालींचं ओझं. ओरडू कशी? आईला वाटलं, पोराने उचलली. पोराला वाटलं, आईने उचलली. एकाने जरी विचारलं असतं तरी काम झालं असतं. पण विचारणार कोण? विचारलं की हरलो!

इकडे नवीने नाथाजीच्या हातात सगळी दुपार उघडीच राबून काढली, हे मला पुढे कळलं. कृष्णेची वाळू कलिंगडांना चिकटलेली असते. गोड रस आणि वाळू तिच्या सांध्यात जाऊन बसली. संध्याकाळी आक्काताई तिला मिटायला गेली, तर ती मिटेचना. तशी उघडी सुरी कनवटीला कशी लावणार? आक्काताईने ती गोणपाटात गुंडाळली आणि सवयीने कमरेला हात लावला. तिथे मी नव्हते.

गाडी घराशी आल्यावर तिने एकदाचं विचारलं, "माझी सुरी दे हिकडं."

"माझ्याकडं कुठाय? तू उचललीस नव्हं?"

"मी? मी म्हनलं तूच उचल."

"मी म्हनलं तू."

मग दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. साली. पाटी. धोंडुबाई. म्हैस. आक्काताईचा चेहरा कधी नव्हे तो पांढरा पडला. "आरं, म्हस! तिच्या पोटात पोलाद गेलं, तर त्या बाईचं घर बसंल. पळ!"

तिकडे माझी काय गत होती ते ऐका. दिवेलागणीची वेळ. मी गव्हाणीत सालींमध्ये पडलेली. चंद्रीने एकेक साल उचलत मला जिभेखाली घेतलं. म्हशीची जीभ म्हणजे ओली कानस. माझ्यावर कलिंगडाचा रस होता, तिला मी गोडच लागले असणार. तिने मला इकडून तिकडे घोळवलं. उघडी असते तर त्या गरीब जनावराचं तोंड फाटलं असतं. पण आक्काताईने मला ठेवण्याआधी मिटलं होतं. एवढ्या भांडणातसुद्धा मिटलं होतं. मी आपलं पातं घट्ट पोटाशी धरून बसले. बाळाच्या उशाखाली बसत होते, तशी.

नाथाजी धावत आला. इस्त्रीच्या शर्टाची बाही मागे सारून त्याने चंद्रीच्या तोंडात हात घातला. चंद्री त्याच्या छातीवर फुर्रकन् शिंकली. पुढच्याच क्षणी मी त्याच्या मुठीत, लाळेने माखलेली.

"मिटलेली हाय, आई! म्हशीला काय झालं न्हाई!"

धोंडुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आक्काताई, सुरी धुवाया माझी म्हस ठिवलीया व्हय गं?"

आक्काताई हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिने आधी चंद्रीच्या जबड्यात बोटं फिरवून बघितली. मग नाथाजीने मला तिच्यापुढे धरलं. धरलं, आणि थांबला. वाकला. मला जमिनीवर ठेवलं. आक्काताईही वाकली आणि मला उचललं. दिवसभर ज्याच्यासाठी दोन माणसं ताठ उभी होती, ते एवढंसंच होतं.

दुसऱ्या दिवशी नाथाजीने बाभळीच्या काट्याने नवीच्या सांध्यातली वाळू काढली, गोडं तेल सोडलं. ती पुन्हा मिटू लागली. तिचा काय दोष? पठाणकोटच्या माणसाला कृष्णेची वाळू काय ठाऊक! पीरमहंमदने माझ्या सांध्यात केसभर जागा सोडली होती, कारण तो याच काठावर जन्मला.

म्हणून सांगते, मित्रांनो. सुरीने डबे उघडू नका, खिळे उपसू नका. काम झालं की पुसा, सांध्याला तेल द्या. आणि मिटल्याशिवाय खाली ठेवू नका. जिला तुम्ही विसराल, ती कुणाच्या तरी तोंडापाशी जाते.

आता तो निवाडा राहिला. त्याला पुष्कळ उन्हाळे झाले, आणि हल्ली मी जिथे असते तिथे उन्हाळा फारसा येतच नाही. पण तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. नाथाजीची सुट्टी संपली होती. ट्रंक ओसरीवर होती. आक्काताईने पाट मांडला आणि त्यावर आम्हा दोघींना शेजारी ठेवलं, मिटून. मला वाटलं, आता मी कमरेला आणि ती भट्टीला. किंवा उलटं. नाथाजीलाही तसंच वाटलं असावं. तो आपल्या लाल मुठीच्या सुरीकडे बघत होता.

आक्काताई वाकली. तिने लाल सुरी उचलली आणि कनवटीला खोचली. मग माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाली,

"तू आनल्याली मी ठिवते. लेकानं आनलीया, भट्टीत कशी घालू? ही माझी तू घिऊन जा. ल्हान हुतास तवा तुझ्या उशाखाली हुती, आता पुन्यांदा तिथंच ठेव. लागली तर उघड, पर मिटल्याबिगर खाली ठिवायची न्हाई. आन् नाथा, हिनं परत डालड्याचा डबा उघडल्याचं माझ्या कानावर आलं, तर तुझ्या पलटणीत यीन आन् तुझ्या सायबापुढं तुझा कान पिळीन. उचल आता. वाक जरा, मोडत न्हाईस."