मला झोळी व्हायचं होतं

मी पांढरी साडी बोलतेय. पेटीच्या तळाशी पडून आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल. पण आज बोलणारच. जळफळाट घडीत किती दिवस दाबून ठेवायचा?

माझा जन्म पुलगावच्या गिरणीतला. छप्पन साली दसऱ्याआधी सीताबाईंनी मला घेतलं आणि मला नेसून त्या नागपूरला दीक्षेला गेल्या. सगळं मैदान पांढरं झालं होतं. त्या गर्दीत माझा तोरा काय विचारता! घरी आल्यावर त्यांनी मला हलक्या हाताने धुऊन पेटीत ठेवलं. तेव्हा मला तो मान वाटला.

पुढच्या वर्षी त्यांच्या सुनेला, अन्नपूर्णेला, मुलगी झाली. कापूस वेचणी तोंडावर आली होती. तान्हीला वावरात न्यायला झोळी हवी होती. वाटेत ती पाठीला बांधायची आणि वावरात निंबाच्या फांदीला.

बाजेवर दोन कापडं मांडली गेली. एक मी आणि दुसरं सीताबाईंचं किरमिजी लुगडं. विटलेलं, काठ उसवलेलं, वर ठिगळ लावलेलं. मला हसूच आलं.

अन्नपूर्णा माझ्या बाजूची होती. "आत्याबाई, हे पांढरीच घेऊ ना. दीक्षा घेतल्यावर घरात आलेलं पयलं लेकरू हाये आपलं."

"लेकराले जुनेरच लागते वं," सीताबाई म्हणाल्या. "नवं टोचते. अन् त्याची गाठ बसत नाई."

"मी दोन गाठी मारतो."

"मार. पण पोरीले नको घालू. पयले वरवंटा घालून पाह्यजो."

पूर्वी बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवायचे. ती रीत या घराने आता सोडली होती, पण वजन जोखायला वरवंटा चालला. अन्नपूर्णेने मला खांद्यावरून घेतलं, दोन गाठी मारल्या आणि अंगणात फिरू लागली. मी जीव खाऊन गाठ आवळून धरली. पण अंगातली खळ अजून गेली नव्हती. गाठ सरकली आणि वरवंटा धाडकन तिच्या टाचेमागे आदळला.

अन्नपूर्णेने धावत जाऊन मुलीला उराशी धरलं. मग तोच वरवंटा त्या जुनेरात बांधला. ते जागचं हललं नाही.

मी पुन्हा पेटीत गेले. ते लुगडं मात्र रोज वावरात! मुलगी त्याचा काठ चोखायची, त्यावर दूध ओकायची, मुतायची. त्याचाही मला हेवा वाटायचा. मला उन्हात टाकलं की ते शेजारच्या दोरीवर वाळत असायचं आणि त्याला त्या पोरीचा वास असायचा. मला डांबरगोळ्यांचा!

मुलगी चालू लागली तेव्हा ते लुगडं फाटलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण अन्नपूर्णेने त्याची वाकळ शिवली. आता त्या वाकळीशिवाय पोरीला झोप येत नाही.

यंदा अन्नपूर्णेला पुन्हा दिवस गेलेत आणि सीताबाई अंथरुणाला खिळल्यात. परवा त्यांनी पेटी उघडायला लावली. मला वाटलं, आली माझी पाळी. त्यांनी मांडीवर घेऊन माझ्यावरून हात फिरवला.

"अन्नपूर्णे, मी गेली का हेच अंगावर टाकजो. दुसरं काई नको."

अन्नपूर्णा तोंडाला पदर लावून रडली. मीही रडले असते, पण सीताबाईंसाठी नाही, खोटं कशाला बोलू? मी माझ्यासाठीच रडले असते. त्या लुगड्याला रोज सकाळी डोळे चोळत उठणारी पोर मिळाली आणि मला मिळणार न उठणारं माणूस.

सीताबाई, तुम्ही बऱ्या व्हा. आणि अन्नपूर्णे, तू मला बाहेर काढ. नेस, वावरात ने, दगडावर आपट, विटू दे. मला सन्मान नको गं. मला कुणाला तरी निजवायचंय आणि ते उठेपर्यंत सांभाळायचंय.