काट्याच्या खोलीतला माऊस

मी माऊस बोलतोय. तुमसरजवळच्या एका राईस मिलमध्ये धानाच्या गाड्यांचं वजन होतं ना, त्या काट्याच्या खोलीत मी असतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलंय. मला मात्र आठवतो तो गुड्डीचा हात.

गुड्डी इथे ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा संगणकाला घाबरायची. घामेजलेल्या हाताने मला गच्च धरायची. मी तिला हवं तिथे नेलं, चुकली तर परत आणलं. माझ्या पोटात कोंड्याची धूळ गेली की ती ओढणीच्या टोकाने पुसायची. मला वाटलं, आपलं जन्माचं जमलं.

मग गेल्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली. मुनीम खुशालभाऊ दारातून म्हणाले, "गुड्डी, गाडीवाले बोंबलून राहिले. त्याले घासत बसशील त पावत्या कवा निघतीन?"

संगणक दुरुस्त करणाऱ्याने तिला उपाय सांगितला. टॅब दाबून एका रकान्यातून दुसऱ्यात जायचं, कंट्रोल आणि पी दाबून पावती छापायची. सवय मोडावी म्हणून माझी वायरच काढून ठेवायची. गुड्डीने तसंच केलं.

पहिले काही दिवस तिचा उजवा हात आपसूक माझ्याकडे यायचा. मी आशेने बघायचो. पण ती हात मागे घ्यायची. पुढे तो यायचाही थांबला. रांग झरझर सरकू लागली, खुशालभाऊ तिचं कौतुक करू लागले आणि कीबोर्ड माझ्याशेजारी दिवसभर टकटक करत मिरवू लागला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते हेच.

काल दसरा झाला. आमच्या मिलमध्ये या दिवशी हाताखालच्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. काट्याला हार घातला. पोती शिवायच्या दाभणाला हळद-कुंकू लावलं. कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. स्टेपलरलासुद्धा बोट लागलं. गुड्डीचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि पुढे गेलं.

झाडलोट करणाऱ्या बेबीबाईंच्या ते नजरेत आलं. "गुड्डे, याले काहून नाही लावलं व?"

"राहू द्या ना काकू. बंद पडला तो."

बेबीबाई साधं माणूस. बंद म्हटल्यावर त्यांनी मला उचलून भंगाराच्या टोपल्यात टाकलं. गुड्डीने पाहिलं. तशीच ती प्रसादाचा पेढा वाटायला निघून गेली.

आता मी तुटक्या पंख्याच्या पात्यावर पडलोय. भंगारवाला सकाळी येणार आहे. गुड्डी, मला परत टेबलावर ठेव असं मी म्हणत नाही. तुझं काम माझ्याविना भरभर होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण भंगारवाला येण्याआधी बेबीबाईंना एवढं सांग, की ‘माऊस बंद पडला नव्हता, मलाच नको झाला होता.’